चौघांची तिकिटं पॉइंट्सवर काढायची तर

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर प्रवासाचे बहुतेक सल्ले एकट्यादुकट्या प्रवाशाच्या सोयीचे असतात. एक सीट कुठल्या ना कुठल्या विमानात मिळतेच. आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना शाळेच्या सुट्टीत, एकाच विमानातून जायचं असेल तर सगळं गणित बदलतं. तिथे किती पॉइंट्स साठले यापेक्षा ते कुठल्या विमान कंपनीच्या माइल्समध्ये (म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंट्समध्ये) वळवता येतात आणि सीट कधी खुल्या होतात, याला जास्त महत्त्व येतं. म्हणून आधी प्रवास ठरवावा, कार्ड मग निवडावं.

हे सगळं दर महिन्याचं बिल पूर्ण भरणाऱ्यांसाठीच आहे. पॉइंट्सच्या रूपाने खर्चाच्या साधारण एक-दोन टक्केच परत मिळतात. थकबाकीवरचं व्याज ही कमाई सहज गिळून टाकतं. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलायची सवय असेल, तर पॉइंट्स विसरून आधी ते देणं फेडावं.

कुटुंबासाठी माझा कल एकाच विमान कंपनीशी बांधलेल्या कार्डापेक्षा, अनेक कंपन्यांकडे पॉइंट्स वळवता येणाऱ्या कार्डाकडे असतो. कारण चार सीट एका कंपनीकडे नसल्या तर दुसरीकडे शोधता येतात. जोडीदाराला वेगळं कार्ड देण्याऐवजी ॲड-ऑन कार्ड (आपल्याच खात्यावरचं जादा कार्ड) दिलं तर पॉइंट्स एकाच खात्यात पडतात. वेगळं कार्ड घ्यायचंच असेल तर ते वेलकम बोनससाठी, म्हणजे नव्या कार्डावर ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केल्यावर मिळणाऱ्या जादा पॉइंट्ससाठी घ्यावं. त्यातही खर्चाची मुदत कार्ड हातात आल्यापासून मोजतात की मंजुरीच्या तारखेपासून, हे आधी विचारून घ्यावं. वार्षिक शुल्क त्या खर्चात सहसा धरत नाहीत आणि परत केलेल्या वस्तूंची रक्कम वजा होते.

एखाद्या खर्चावर जादा पॉइंट्स अपेक्षित होते आणि आलेच नाहीत, असं झालं की बहुतेक वेळा कारण दुकानाच्या वर्गवारीत सापडतं. प्रत्येक व्यापाऱ्याला कार्ड नेटवर्कचा चार आकडी वर्गवारी कोड असतो आणि बँक तेवढाच पाहते. हॉटेलचा कोड ७०११, ट्रॅव्हल एजन्सीचा ४७२२. तीच खोली एजन्सीच्या वेबसाइटवरून घेऊन पैसे तिथेच भरले, तर बँकेच्या लेखी तो हॉटेलचा खर्च नसतो. घरभाडं, इंधन, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांवर अनेक कार्डं काहीच देत नाहीत.

पॉइंट्स वापरणं परवडतं का, याचा हिशोब सोपा आहे. रोख भाड्यातून पॉइंट्सच्या तिकिटावरही भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा, उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सने भागा. समजा चौघांचं भाडं १,००,००० रुपये आहे, पॉइंट्सवर काढलं तर कर २०,००० रुपये आणि पॉइंट्स १,६०,००० लागतात. म्हणजे एका पॉइंटमागे ०.५० रुपये वाचतात. तोच पॉइंट बिलात वळता करून ०.२५ देत असेल, तर तिकीट काढणं योग्य. काही कंपन्या पॉइंट्सच्या तिकिटावरही इंधन अधिभार लावतात. तो चौपट झाला की ‘फुकट’ तिकीट रोख तिकिटाच्या जवळ जाऊन बसतं.

आता खरा अडथळा, म्हणजे सीट. विमान कंपन्या कमी माइल्सच्या सीट एका विमानात मोजक्याच ठेवतात. शोधताना प्रवासी ४ टाकले आणि स्वस्त सीट दोनच उरल्या असतील, तर अनेक वेबसाइट चारही सीट महागड्या दराने दाखवतात किंवा काहीच दाखवत नाहीत. म्हणून आधी १, मग २, मग ४ असं शोधा. दोन स्वस्त दिसल्या तर त्या माइल्सवर आणि उरलेल्या दोन रोखीने घ्याव्यात. प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठा आणि एक मूल ठेवावं, आणि कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर (बुकिंग क्रमांक) एकमेकांशी जोडायला सांगावं. हे केलं नाही तर विमान रद्द झाल्यावर निम्मं कुटुंब दुसऱ्याच विमानात जाऊ शकतं. बऱ्याच कंपन्या सुमारे ११ महिने आधी बुकिंग उघडतात. सुट्टीच्या तारखा असतील तर तेव्हाच बघावं.

मुलांचं तिकीट स्वस्त पडेल हा समज इथे लागू पडत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र सीट लागते आणि माइल्स बहुधा मोठ्यांइतकेच. मांडीवरच्या बाळासाठी आंतरराष्ट्रीय प्रवासात अनेक कंपन्या मोठ्यांच्या रोख भाड्याच्या सुमारे १० टक्के घेतात. बिझनेस क्लासमध्ये ही रक्कम बोचते. प्रवासाच्या मध्येच बाळाला दोन वर्षं पूर्ण होत असतील, तर परतीला सीट घ्यावीच लागते.

घरातल्यांचे माइल्स विखुरलेले असतील तर ब्रिटिश एअरवेजचं हाउसहोल्ड अकाउंट किंवा एमिरेट्सचं माय फॅमिली यांत ते एकत्र करता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये नॉमिनी नोंदवून एकाच्या माइल्सवर बाकीच्यांची तिकिटं काढतात. मात्र तिथले माइल्स तीन वर्षांत संपतात. ही खाती आणि नोंदी आधीच करून ठेवा.

बँकेतून पॉइंट्स वळवले की परत येत नाहीत. काही वेळा ते क्षणात पोहोचतात, काही वेळा कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाते. वेबसाइटवर दिसणारी भागीदार कंपनीची (जिच्या विमानातही हे माइल्स चालतात तिची) सीट कधीकधी प्रत्यक्षात नसतेच. म्हणून पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जाऊन बघा किंवा फोनवर खात्री करा, शक्य असेल तर सीट रोखून ठेवा, आणि मगच गरजेपुरतेच पॉइंट्स वळवा. कार्डावरचं आणि माइल्स खात्यावरचं नाव अक्षरशः सारखं हवं.

हॉटेलात पॉइंट्सची खोली बहुधा दोन मोठ्यांची असते. बुक करतानाच मुलांची संख्या आणि वयं टाका, नाहीतर पोहोचल्यावर दुसरी खोली घ्यायची वेळ येते. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र मोफत मिळते, त्यामुळे चार रात्रींचा बेत पाचवर न्यायला हरकत नाही.

परदेशात कार्ड वापरताना परकीय चलनावरचं शुल्क पॉइंट्सच्या कमाईपेक्षा जास्त नाही ना, ते पाहा. मशीनने चलन विचारलं तर तिथलंच निवडा. कार्डासोबतचा प्रवास विमा बऱ्याचदा त्याच कार्डाने तिकिटाचे पैसे किंवा कर भरले असतील तरच लागू होतो, म्हणून कर त्याच कार्डावर भरा. आणि रद्द करण्याचं शुल्क माणशी असतं. चौघांचं मिळून किती होतं ते तिकीट काढण्याआधी बघा, तसंच मुदत उलटलेले माइल्स तिकीट रद्द केल्यावर खात्यात परत येतात की नाही हेही.