माउंटखालची जांभळी पट्टी

वर्षातून एकदा दोन दिवस मी घरातच प्रदर्शन लावते, ओपन स्टुडिओ. चित्र जिथे तयार होतं तिथेच येऊन लोकांनी ते बघावं, रंगाने माखलेलं टेबल बघावं, ईझलवरचं अर्धवट काम बघावं, हे मला फार आवडतं. तयारीला आठवडा जातो. फर्निचर सरकवायचं, बेडरूम बंद करायची, चित्रांचे मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतील असे खिळे मारायचे, दिवे तिरके करून काचेवरची चमक घालवायची. आणि एक काम मी कधीच उद्यावर टाकत नाही, जवसाचं तेल लागलेली फडकी पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावून घराबाहेर ठेवायची, कारण ती चुरगळून पडली की आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, आणि घरात पन्नास माणसं येणार असतील तर हे विसरून चालतच नाही.

यंदा पहिला दिवस छान गेला. दोन वॉटरकलरवर लाल टिकल्या लागल्या म्हणजे विकली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या, हातात चादरीत गुंडाळलेली फ्रेम. मला वाटलं कुणाचं तरी काम दाखवायला आणलंय. त्यांनी चादर सोडली तर माझंच चित्र, माझ्या पहिल्या ओपन स्टुडिओत त्यांनी घेतलेलं, सहा वर्षांपूर्वीचं. संध्याकाळचं आकाश आणि खाली पाणी.

त्या म्हणाल्या, "काच थोडी सैल झालीये, तेवढी बघाल का? आणि हे तुमच्या बाकीच्या चित्रांबरोबर थोडा वेळ ठेवलं तरी मला आवडेल."

मी चित्राकडे बघतच राहिले. आकाश राखाडी निळं होतं. मी ते जांभळं रंगवलं होतं, मला पक्कं आठवत होतं, अल्ट्रामरीन निळ्यात अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल मिसळून तीन पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे थर, दिले होते आणि क्षितिजाजवळ नुसता अलिझरीनचा गुलाबी होता. तो गुलाबी तर कुठेच नव्हता, तिथे कोरा कागद वाटावा इतकं फिकं काहीतरी होतं.

मी विचारलं कुठे लावलं होतंत. म्हणाल्या, "खिडकीसमोरच्या भिंतीवर, रोज सकाळी ऊन येतं ना तिथे, इतकं सुंदर दिसायचं."

त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की वॉटरकलर उन्हात लावू नका. संग्रहालयात कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात आणि थेट ऊन लाखाच्या घरात जातं, हे मला तेव्हाही माहीत होतं, पण विकण्याच्या आनंदात बोलायचं राहिलं. आणि खरी चूक तर त्याच्याही आधीची, ट्यूबवर बारीक अक्षरात पीआर ८३ हा रंगाचा कोड लिहिलेला असतो, तो मूळ अलिझरीन, प्रकाशात उडणारा म्हणून चित्रकारांना चांगलाच माहीत असलेला रंग. पातळ वॉशमध्ये तर आणखी लवकर उडतो कारण कागदावर रंगाचे कण असतातच थोडे. मला तो इतका आवडायचा की मी वापरत राहिले.

काच बघायची म्हणून फ्रेम उघडायचीच होती. मी ती स्टुडिओतल्या टेबलावर पालथी ठेवली, मागची टेप कापली, छोटे खिळे पक्कडीने काढले. तोवर सात-आठ जण भोवती जमले होते, त्यांना वाटलं फ्रेमिंगचं प्रात्यक्षिक चाललंय. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला आणि मी काही बोलायच्या आधी एक छोटी मुलगी म्हणाली, "इथे वेगळा रंग आहे!"

चारही कडांना, माउंटच्या पुठ्ठ्याने झाकल्या गेलेल्या भागात, जेमतेम पाच मिलिमीटरची पट्टी होती, आणि ती गर्द जांभळी होती. क्षितिजाच्या टोकाला दोन्हीकडे गुलाबीचा एकेक ठिपका. सहा वर्षं तिथे प्रकाश पोचलाच नव्हता. त्या पट्टीशेजारी मधलं सगळं चित्र इतकं थकलेलं दिसलं की माझ्या पोटात खड्डा पडला.

खोलीत कुणी बोलेना. मी मग सरळ सांगून टाकलं सगळं, रंग कुठला, तो का उडतो, मी काय सांगायला हवं होतं. व्हॅन गॉगच्या १८८८ च्या 'बेडरूम' चित्राचं सांगितलं, त्याने भिंती जांभळ्या रंगवल्या होत्या, त्यातला लाल उडून गेला आणि आज त्या आपल्याला निळ्या दिसतात. पण हे सांगताना मला बरं वाटलं नाही कारण त्याच्या काळी टिकणारे रंग आजच्याइतके मिळत नव्हते, माझ्याकडे मात्र टिकणारे पर्याय दुकानात त्याच फळीवर होते.

त्या बाई बोट, न टेकवता, पट्टीवरून फिरवत होत्या. म्हणाल्या, "रोज बघत होतो आम्ही, आणि कळलंच नाही."

मी म्हटलं पैसे परत देते, नाहीतर टिकणाऱ्या रंगात हेच चित्र नव्याने करून देते. त्यांनी दोन्हीला नाही म्हटलं. जरा वेळाने विचारलं, "ही कड दिसेल असं लावता येईल का?"

येतं. माउंटशिवाय, कागद मागच्या पुठ्ठ्यावर तरंगता बसवायचा आणि काच अंतरावर धरायला कडेने पट्ट्या घालायच्या, म्हणजे अख्खा कागद दिसतो. मी कबूल केलं आणि बजावलं की आता कड पण उडेल, तेव्हा उजेड न पडणारी भिंत बघा. यूव्ही काच, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, लावून देईन पण तिने फक्त वेग कमी होतो, थांबत नाही, साध्या उजेडानेही रंग जातोच.

आता भिंतीवरच्या त्या दोन लाल टिकल्या. त्यातल्या एका चित्रात तोच अलिझरीन होता, जुन्या ट्यूबमधला उरलेला. मी ते तिथल्या तिथे उतरवलं आणि ज्यांनी घेतलं होतं त्यांना फोन केला. ते नाराज झाले. म्हणाले, "मग विकायला लावलंतच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसरं चित्र घेतलं नाही, पैसे मी त्याच दिवशी परत केले.

रात्री सगळे गेल्यावर जुन्या प्रदर्शनांच्या वह्या काढल्या. कुणी काय नेलं ते मी लिहून ठेवते पण कुठल्या रंगात केलंय ते नाही लिहिलेलं. आठवून आठवून अकरा चित्रं काढली ज्यांत हा रंग आहे असं मला वाटतं. आत्तापर्यंत सात जणांशी बोलणं झालंय. एकांचं कपाटात होतं, जसंच्या तसं, त्यांनी फोटो पाठवला तो मी बराच वेळ बघत बसले.

आता लेबलवर नाव, माध्यम, माप, साल याखाली रंगांचे कोड पण लिहिणार आहे. आणि स्टुडिओच्या खिडकीला कागदाच्या चौदा पट्ट्या चिकटवल्यात, माझ्या पेटीतला प्रत्येक रंग एकेका पट्टीवर, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकलेला. तारीख लिहिलीये. पुढच्या ओपन स्टुडिओत पुठ्ठा लोकांसमोर काढीन. त्या बाई येते म्हणाल्यात.