झाडाखालचं झाडणं

आमच्याकडे पाचोळा कोणालाच बघवत नाही. नागपुरात मी राहते त्या गल्लीत घरं सात आणि कडुनिंब एक. फाल्गुनात तो पानं गाळायला लागला की सकाळी साडेसहाला सातही घरांचे खराटे एकदम सुरू होतात. ज्याच्या दारापुढचा ढीग लहान, त्यानं रात्रीतून आपला पाचोळा शेजारी सरकवला असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो बहुतेक खरा आहे. मग कोणीतरी काडी लावतं. शेजारच्या काकू म्हणतात, "डास जातात." कचऱ्याची गाडी रोज दारात येते, गाणं लावून येते, पण काडी लावल्याशिवाय झाडल्यासारखं वाटत नाही त्याला कोण काय करणार.

त्या धुराचा मला राग यायला हवा. घशाला त्रास होतो, डॉक्टरांनी सांगून झालंय. तरी तो वास नाकात गेला की मी दोन मिनिटं खिडकीशी उभी राहते, कारण तेवढ्यात माहेरी जाऊन येते.

माहेर गोंदिया जिल्ह्यात, गायखुरीच्या डोंगरांकडे तोंड करून बसलेलं. पुढे मामा तलाव, त्याच्या पाळीखाली धानाच्या बांध्या आणि गावामागे टेकडी. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला. माझ्या सासरचे वर्धेकडचे. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना वाटायचं की तो माझ्या मामानं बांधलाय. मीही फार घाईनं खुलासा केला नाही.

टेकडीवर आमचे पाच मोह. 'आमचे' म्हणजे सातबाऱ्यावर नाहीत, जमीन वनखात्याची. पण कुठला मोह कोणाच्या घरचा हे गावात लहान पोरालाही विचारावं लागत नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलं-तेंदूपानं अशा गोष्टींवर, गावाचा हक्क मान्य केला, आजीनं तो पन्नास-साठ वर्षं आधीच धरून ठेवला होता. पाचांनाही नावं होती. एक गोड्या, त्याच्या फुलांना मुंग्या आधी लागायच्या. एक आळशी, सगळ्यांचं वेचून झालं की मग फुलणारा. दोन जुळे, त्यांना वेगळी नावं द्यायचा कंटाळा. आणि सगळ्यांत म्हातारा तो ढोल्या. त्याच्या बुंध्यात एवढी मोठी ढोली होती की आजी तिच्यात भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. सातवीचा गणिताचा पेपर मी तिथंच लपवला होता. पुढं तो कधी सापडला नाही, आणि ढोल्यानं तोंड उघडलं नाही.

होळीच्या आसपास आजीचं झाडणं सुरू व्हायचं. मोहाची फुलं पहाटे गळतात, पिवळसर, टपोरी, आतून रसानं भरलेली. पण त्या दिवसांत जंगलात जमीन दिसतच नाही. सागाचं एकेक पान पत्रावळीएवढं, त्यावर ऐनाचा पाला, त्याखाली गेलं फूल ते गेलंच. शिवाय अंधारात वेचायला जायचं, तर मोहावर आपल्याआधी अस्वल येऊन बसलेलं असू शकतं. जमीन मोकळी हवी, चार पावलांपलीकडचं दिसायला हवं. म्हणून गावोगाव मोहाखाली आगी लावतात.

आजीही लावायची. पण आधी खराट्यानं सगळा पाला बुंध्यापासून दूर ओढायची, त्याचे ढीग करायची, ढिगांभोवती दोन हात रुंद जागा अशी लख्ख झाडायची की तिथं जेवायला बसावं. मग एकच ढीग पेटवायची. हातात हिरवी फांदी घेऊन तो विझेपर्यंत उभी. मग दुसरा. मला भूक लागायची, ऊन चढायचं, मी म्हणायची चल नं आता. ती म्हणायची, "आगी लावाची तं मंग तिच्यापाशी उभं राहाचं. लेकरू आहे ते. सोडून नाई जावाचं."

एकदा वनरक्षक येऊन तिला कायदा सांगत होते. भारतीय वन अधिनियम 1927, राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सत्तावीस साली मी जन्मली नव्हती, साहेब." त्यांना हसू आलं. ढीग विझेपर्यंत तेही उभे राहिले.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊला भावाचा फोन आला.

"बाई, टेकडीले आगी लागली."

मागून माणसांचे आवाज येत होते. कोठून लागली विचारलं तर म्हणाला, पलीकडून आली, वारा इकडचा आहे. ठेवला. अर्ध्या तासानं व्हिडिओ पाठवला. अंधारात काहीच नाही, फक्त एक वाकडी लाल रेघ. तिच्यावरून मी टेकडीचा चढ ओळखला. इथं वाट वळते, इथं मातामायचा दगड, इथून वर जुळे. तीस वर्षांत मी त्या टेकडीचा फोटो काढला नव्हता. हा पहिला.

नागपुरात बसून करण्यासारखं काहीच नसतं अशा वेळी माणूस मोबाइल उघडतो. नासाच्या संकेतस्थळावर आगींचा नकाशा आहे, उपग्रहाला जिथं जमीन तापलेली दिसते तिथं ठिपका पडतो. आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था असेच ठिपके हेरून वनखात्याच्या लोकांना मोबाइलवर संदेश पाठवते. आजीच्या वेळच्या वनरक्षकाला धूर शोधत हिंडावं लागायचं. पहाटे तीनच्या सुमारास आमच्या टेकडीवर ठिपका उमटला. एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटरचा चौकोन. मी हिशेब केला. आमच्या घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत तेवढंच अंतर असेल. त्या एका चौकोनात पाच मोह, मातामाय, आषाढात आम्ही सात्या, म्हणजे रानातली अळंबी, शोधायचो ती वारुळं, वडिलांनी तेंदूची टेंभरं खाता खाता मला सायकल घेऊन देईन असं कबूल केलं ती जागा. मी बोटांनी नकाशा मोठा करत राहिले. ठिपका मोठा झाला, आत काही दिसलं नाही.

रागवायला कोणी सापडेना, ही त्या रात्रीची खरी अडचण. भाऊ म्हणाला, पलीकडच्या गावचे. पलीकडच्या गावात माझी मावसबहीण आहे, तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्याच गावचे." कोणी म्हणे बिडीच्या तेंदूपानांसाठी लावली असेल, जळाल्यावर तेंदूला कोवळी पानं चांगली फुटतात, आणि मे महिन्यात 70 पानांच्या पुड्यावर घरचं वर्षभराचं किराणा ठरतं. कोणी म्हणे कोणीतरी फेकलेली पेटती बिडी. पण जास्त लोकांचं मत मोहाकडेच. कोणीतरी मोहाखाली काडी लावली आणि घरी निघून गेलं. पूर्वी लावत नव्हते असं नाही. पूर्वी उभं राहायला घरात माणसं होती. आता ज्या घरात चार होती तिथं एक म्हातारी आहे, बाकीचे नागपूर-हैदराबादला. माझ्यासारखे. म्हातारीनं पाच-पाच मोहांखाली किती वेळ फांदी धरून उभं राहायचं?

हे मनात आलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी कळलं, ढोल्या धरला. बाकीच्यांच्या बुंध्याशी आग चाटून पुढं गेली. आमच्याकडचा वणवा जमिनीवरून चालतो, माणसाच्या पायी चालण्याच्या वेगानं, आणि जाड सालीचं मोठं झाड सहसा त्याला दाद देत नाही. पण पोकळ झाडाची गोष्ट वेगळी. ढोलीत ठिणगी शिरली की झाडाचं धुराडं होतं. आतल्या आत जळतं आणि वर शेंड्याला पानं तशीच हिरवी.

ऑफिसात रजा मागायला गेले तर साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, गावाकडे जरा काम आहे. माणूस गेला तर सगळं ठरलेलं असतं; कोणी यायचं, काय बोलायचं, कितव्या दिवशी गोड खायचं. झाडाचं सुतक किती दिवसांचं हे पंचांगात नाही. आणि एसटीत भंडारा-लाखनी मागं टाकताना मला माझीच थोडी लाज वाटायला लागली. 2021च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून मेले. ते आमच्याच भागातलं जंगल. त्या बातमीच्या दिवशी मी हळहळले होते, हो, पण रात्रभर जागले नव्हते. इथं एका पोकळ मोहासाठी डोळे सुजवून निघाले होते. साकोलीला उतरून चहा प्यायले तेव्हा ठरवलं, घरी कोणापुढे रडायचं नाही.

तशी वेळच आली नाही. आईनं पाणी दिलं, जावयांची चौकशी केली. भावजय हळूच म्हणाली, आगी लागली त्या रात्री आईनं चूल पेटवली नाही, गॅसवर केलं सगळं. मुद्दाम की कसं, ते आम्ही दोघींनीही तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी, भाऊ आणि भावजय वर गेलो. वाटेत जाळरेषा लागली. दरवर्षी 15 फेब्रुवारीच्या आत वनखातं जंगलात असे पट्टे कापून, जाळून, साफ करून ठेवतं. तिथून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम. या वेळी खात्याची पोरं ब्लोअर घेऊन आली होती, पाठीवर यंत्र आणि हातात वाऱ्याची नळी. पाला उडवत उडवत त्यांनी आगीच्या पुढं वाट मोकळी केली तेव्हा ती थांबली. भाऊ कौतुकानं सांगत होता. मला त्यात आजीच दिसत होती. शेवटी खात्याचं काम तेच, झाडणं. खराट्याला पेट्रोल लागतं एवढंच.

ढोल्या तिसऱ्या दिवशीही धुमसत होता. भावानं ढोलीत चिखल लिंपला होता, तरी वरच्या एका भोकातून धुराची बारीक रेघ निघत होती, म्हातारा बिडी ओढत बसल्यासारखी. हात लावला. साल कोमट होती. गणिताच्या पेपरचा शेवटचा पुरावा गेला, असं मी भावाला म्हटलं, आणि त्यानं इतकं जोरात हसून दाखवलं की मला कळलं तोही रडायचं नाही असं ठरवून आलाय.

मग मी भोवती पाहिलं आणि आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. टेकडीवर मोहाचं लहान झाड नाही. एकही. पाच आहेत ते पाचही म्हातारे, आजी लग्न होऊन आली तेव्हाही मोठेच होते म्हणतात. रोप येणार कुठून? जमिनीवर पडलेल्या टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, आम्ही तेलासाठी वेचून न्यायचो, चुकून एखादी रुजली तर पुढच्या होळीला ढिगात. सागाचं बरं असतं, जळालं तरी मुळातून फुटतो. मोहाच्या वीतभर रोपाला आजीचं झाडणं आणि परवाचा वणवा यांतला फरक काय कळणार? ती तर उभी राहायची शेवटच्या ठिणगीपर्यंत. किती निगुतीनं करायची सगळं.

भावाला म्हटलं, पुढच्या साली पाला जाळू नका, खाली हिरवी जाळी बांधा, काही गावांत बांधतात. जुन्या साड्या पसरल्या तरी चालेल. तो म्हणाला, "बांधू." मग थोडं थांबून, "तू येशील का बांधाले?"

मी काही बोलायच्या आत उजाडलं. ऐन, तेंदू, सगळ्यांचे बुंधे गुडघ्यापर्यंत काळे, आणि टेकडी खालपासून वरपर्यंत राखेनं माखलेली, एक पान कुठं नाही. वर गोड्या मात्र रात्रभर आपलं काम करत होता. काळ्या राखेवर त्याची फुलं पडली होती. हजारो. एकेक वेगळं दिसत होतं, दाणे टिपावेत तसं. इतकी स्वच्छ जमीन आजीलाही कधी जमली नव्हती.

भावजयीनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला.

"पाह्य बाई," ती म्हणाली, "आता कशी चांगली दिसून राह्यली फुलं."

मी तिच्या शेजारी वाकले. दोघींनी मिळून उन्हं चढायच्या आत दोन टोपल्या भरल्या.