इंजिन नसलेलं विमान ७६ हजार फुटांवर

ग्लायडर म्हणजे टेकडीवरून तरंगत खाली येणारं काहीतरी, एवढंच बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून २ सप्टेंबर २०१८ ला अर्जेंटिनात एल कालाफातेच्या आकाशात जे झालं ते मी भेटेल त्याला सांगत असतो. जिम पेन आणि टिम गार्डनर यांनी पर्लान २ हे ग्लायडर ७६,१२४ फुटांवर नेलं. हा हवेच्या दाबावरून काढलेला आकडा, जीपीएसने मोजलं तर २२,६५७ मीटर, म्हणजे साधारण ७४,३०० फूट. आणि इंजिन नाहीच!

खरं तर ग्लायडर स्वतः चढत नाही, आजूबाजूच्या हवेतून ते सतत खालीच सरकत असतं, फक्त ती हवाच त्याहून जास्त वेगाने वर जात असली की तेही वर जातं. पॅसिफिककडून येणारा वारा अँडीज पर्वत ओलांडून खाली उतरतो आणि परत उसळी घेतो, ओढ्यात दगडापुढे पाणी उसळतं ना तसंच. एरवी हवेची ही लाट स्ट्रॅटोस्फिअरच्या, म्हणजे ढग-पावसाच्या थरावरच्या थराच्या, आसपास विरून जाते, पण तिकडच्या हिवाळ्यात पोलर व्होर्टेक्समुळे, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या मोठ्या भोवऱ्यामुळे, वरच्या थरांतही जोरदार पश्चिमी वारा असतो, म्हणून ती पार वरपर्यंत पोचते.

हे सगळ्यात आधी ध्यानात घेतलं आयनार एनेव्होल्डसन यांनी, नासाचे टेस्ट पायलट. या एका कल्पनेमागे ते वर्षानुवर्षं लागले होते. २००६ मध्ये ते स्वतः साहसवीर स्टीव्ह फॉसेटबरोबर ग्लायडरने ५०,७२७ फुटांवर गेले, साध्या केबिनमध्ये प्रेशर सूट (अंगाभोवती हवेचा दाब राखणारा पोशाख) घालून. त्याआधीचा रेकॉर्ड रॉबर्ट हॅरिसचा, १९८६ चा, ४९,००९ फूट. म्हणजे वीस वर्षांत जेमतेम सतराशे फूट वाढले, आणि पुढच्या बारा वर्षांत पंचवीस हजार!

पर्लान २ ची केबिन प्रेशराइज्ड आहे, म्हणजे आत हवेचा दाब राखलेला असतो. ती लागतेच, कारण साधारण ६३ हजार फुटांच्या वर दाब इतका कमी की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. हवा इतकी विरळ की पंखांना धरायला काही नसतं, फार हळू गेलं तर स्टॉल (पंखांची उचल जाते) आणि फार जोरात गेलं तर फ्लटर (पंख धोकादायकरीत्या थरथरू लागतात), मधली जागा अगदी अरुंद.

२०१८ मध्ये टो प्लेनने (ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या विमानाने) त्यांना ४० हजार फुटांच्याही वर सोडलं होतं, त्यावरून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. तिथून पुढचे तीस हजारांवर फूट कोणी ओढून नेलं नाही, ते लाटेत शोधून काढावे लागले.