तुम्ही विचारलंत म्हणून: पात्राची गोष्ट मी एका ओळीत का मागतो

बेळगावात टिळकवाडीत आमच्या घरी दर रविवारी डी अँड डीचं (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) टेबल बसतं. खेळणारा प्रत्येक जण एकेक पात्र होऊन बोलतो, भोवतालचं जग आणि बाकीची माणसं मी चालवतो, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, आता जुनेही विचारायला लागलेत: "दादा, आम्ही पात्राची दहा पानं लिहून आणतो, ती बाजूला ठेवून तुम्ही एक ओळच का मागता?" तोंडी सांगून दमलो, म्हणून लिहितोय.

आळस नाही तो. मी सगळी पानं वाचतो. पण त्यांत घडायचं ते घडून गेलेलं असतं. गाव जळालेलं, आईबाप गेलेले, गुरूही मेलेला. असा माणूस हाताची घडी घालून बसतो आणि मलाच विचारतो, "आता काय करायचं?" कथानक मी लिहून ठेवतच नाही. मलप्रभेसारखी एक नदी, काठावरची चार गावं, एक जकात नाका आणि कोण कुणाचं देणं लागतो, एवढंच मांडतो. कुठं जायचं ते तुमचं. म्हणून तुमच्या पात्राला काहीतरी हवं असावं लागतं, आणि ते एखाद्या जिवंत माणसाकडे अडकलेलं असावं लागतं. "सूड घ्यायचाय" यानं माझं भागत नाही. "बहिणीचं गहाण शेत सोडवायचंय, सावकार माझा मामाच" असं लिहिलंत की पहिल्याच रविवारी मामाच्या दारात जाता येतं.

डी अँड डीच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांचे रकाने आहेत. मी आधी बंध वाचतो, म्हणजे पात्राचा जीव कुणात, कशात अडकलाय ते. ताकद 16 की 18, ते नंतर कळलं तरी चालतं.

2016 साली मीच तीन पानं सक्तीनं मागायचो, हे खरं. त्याशिवाय पात्राला खोली येत नाही, असं म्हणायचो. ते अगदीच चूक होतं असं आजही म्हणवत नाही.

वडगावचा एक मुलगा यायचा. वहीभर लिहून आणलं होतं. मी ओळ मागितली, तर त्यानं चिडून खरडली: "आबांचा माग विकला गेलाय, तो परत आणायचाय." मला फार आवडली. पाच रविवार सगळं टेबल त्या मागाच्या पाठी होतं. नाकेदाराशी कन्नडात हुज्जत घालायला तोच पुढं व्हायचा, शीटवर करिष्मा 8, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्यात कच्चा, असूनसुद्धा.

सहाव्या रविवारी ते वखारीत पोचले. माग शाबूत सापडतो का, यासाठी त्यानं वीस बाजूंचा फासा टाकला. 3 पडले, म्हणजे फसलं. पडलेलं मी बदलत नाही. वखारवाल्याच्या आवाजात म्हणालो, "माग होय? लाकूड जळणाला गेलं, लोखंड किलोवर."

त्यानं फासा उचलला आणि मुठीत धरून बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग स्वतःच्या आवाजात त्यानं विचारलं, "दादा, तुमाला कुणी सांगिटलं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याला सोडायला निघालो. रेल्वे गेट पडलं होतं. गाडी जाईपर्यंत उभे होतो, तेव्हा त्यानं सांगितलं. घरचा पॉवरलूम आदल्या वर्षी भंगारात गेला होता, वजनावर. आबा काट्याजवळ उभे होते. पुढचे दोन महिने तो आला नाही.

ओळ जिवंत हवी म्हणून मीच हट्ट धरला होता. ती आली कुठून, हे मात्र विचारलं नाही. फासा खोटा सांगायला हवा होता का? कधी वाटतं हो. कधी वाटतं, मग पाच रविवार आम्ही काय खेळत होतो?

आता खेळाआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतो: यात घरचं काही आहे का, कशाला हात लावायचा नाही? काहींना ते आवडत नाही. तो परत आला तेव्हा त्यालाही विचारलं. म्हणाला, "नका विचारू की दादा." पात्र तेच ठेवलं, ओळ खोडून नवी लिहिली: "लोखंड कुणी घेतलं, ते शोधायचंय."

ते कुठं आहे, मी अजून ठरवलेलं नाही.