बरोबरचं बटण नाही

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मेथी आणायला गेलो आणि कॅल्क्युलेटर घेऊन आलो. मेथी राहिली. घरी पुढे काय झालं ते सांगत नाही.

हा माझ्या संग्रहातला तेविसावा. पाना-पकडींच्या ढिगाखाली सापडला, दीडशे रुपयांना. सेलच्या कप्प्यात पांढरा खार साचला होता. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून पुसून काढला, नवे सेल घातले आणि बटण सरकवलं. लाल शून्य उजळलं! आकडे तांदळाच्या कणीएवढे, प्रत्येकावर भिंगाचा इवलासा फुगा. जरा तिरकं धरलं की गायब, उन्हात तर दिसतच नाहीत. शिवाय हे लाल दिवे सेल नुसते पितात. म्हणून तर १९७३ साली शार्प कंपनीच्या ईएल-८०५ कॅल्क्युलेटरचं एवढं कौतुक झालं. एलसीडीची काच, आणि एका सेलवर शंभर तास. तरीही रात्री दिवा मालवून बघायला मला लालच आवडतात.

पण माझा लाडका वेगळाच. एचपी कंपनीचा एचपी-१२सी. आडवा, सोनेरी कपाळाचा, बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी दिलेला. हे मॉडेल १९८१ साली आलं आणि अजून विकलं जातं. त्याच्यावर 'बरोबर'चं बटणच नाही. दोन आणि तीनची बेरीज करायची तर दोन, एंटर, तीन आणि मग अधिक. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी चिन्ह आकड्यांच्या आधी लिहायची रीत काढली होती; ती उलटी केली म्हणून हिचं नाव रिव्हर्स पोलिश. एचपीच्या १९७२च्या एचपी-३५मध्येही हीच रीत होती. पस्तीस बटणं म्हणून एचपी-३५, किंमत ३९५ डॉलर. तो काही माझ्या नशिबात नाही.

ही रीत लोकांना उफराटी वाटते. मलाही वाटायची. पंचवटीतल्या आमच्या वाण्याकडे, अण्णांकडे, गेलो तेव्हा एकदा हा १२सी खिशात होता.

"अण्णा, आज याच्यावर करा हिशेब."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पण बरोबर कुठंय?"

"नाहीये. तुम्ही एरवी पुटपुटता तसंच करा."

साबुदाणा बहात्तरचा दोन किलो आणि पासष्टचा गूळ. अण्णा पुटपुटले, "बहात्तर... दोनानं गुण... त्यात पासष्ट मिळव." बोट त्याच क्रमानं फिरलं: बहात्तर, एंटर, दोन, गुणिले, पासष्ट, अधिक. काचेवर दोनशे नऊ.

तिथेच गोण्यांना टेकून मला उलगडा झाला. शाळेत आपण 'दोन अधिक तीन बरोबर पाच' असं घोकतो खरं, पण ती पुस्तकी भाषा. घरात 'अठरातून सात वजा कर', 'बारात आठ मिळव, मग पाचानं गुण'. आकडे आधी, काम शेवटी. आमचं क्रियापद वाक्याच्या शेपटाला बसतं, तसंच याचं अधिकचं चिन्ह. एचपीच्या इंजिनियरांना कुठून ठाऊक असणार, की त्यांचं यंत्र अण्णांची भाषा बोलतंय!

अण्णांना मात्र याचं काही विशेष वाटलं नाही. "छान आहे," म्हणत त्यांनी तो परत केला. मग गल्ल्याशेजारचा आपला जाडजूड कॅल्क्युलेटर ओढला, बीप बीप करत सगळं पुन्हा मांडलं, बरोबरचं बटण दाबलं आणि मगच पैसे घेतले.