टाय रॉड बदलला, आता स्टिअरिंग वाकडं का?

सस्पेन्शनचं काम करून गाडी परत आली की बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, "स्टिअरिंग नीट वाटत नाहीये". आता ह्या एका वाक्यावर मेकॅनिकने काय करायचं, तो बिचारा परत अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून देतो, कधी फरक पडतो कधी नाही. म्हणून आधी तक्रार नेमकी काय आहे ते स्वतःच ठरवा. मोकळा सपाट रस्ता बघा, टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे ना ते बघून घ्या (हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे) आणि स्टिअरिंग अगदी हलक्या हाताने धरून चालवा.

हाताला काही जोर लागत नाही, गाडी सरळ जातेय, फक्त स्टिअरिंग तिरकं दिसतंय? मग ते टो सेटिंगचं काम आहे (टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं किती आत किंवा बाहेर वळलीत ते). टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक) एका बाजूचा बदलला, जुन्याचे आटे मोजून नवीन तेवढाच फिरवून बसवला, तरी ते अंदाजाचंच असतं, कारण नवीन पार्टची लांबी जरा इकडेतिकडे असू शकते. टोची बेरीज बरोबर असेल पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर चालताना चाकं ती बेरीज आपसात सारखी वाटून घेतात आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. पुढचं सगळं बरोबर असून तरीही तिरकं असेल तर मागच्या चाकांचे आकडे मागा, मागचा ॲक्सल थोडा जरी तिरपा असला तरी गाडी खेकड्यासारखी चालते आणि ते सांभाळायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. नुसत्या पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट करून हे कधीच सापडणार नाही.

गाडी ओढतेय, म्हणजे सरळ ठेवायला सतत हाताला ताण द्यावा लागतोय, तर हे प्रकरण वेगळं. दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाक समोरून बघितलं तर किती कललंय) किंवा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं तो बाजूने बघितला तर किती कललाय) वेगळा असेल, एखादा ब्रेक चिकटत असेल किंवा चक्क टायरच तसा असेल. टायरचं लगेच कळतं, पुढचे दोन्ही टायर आपसात बदला, ओढ दुसऱ्या बाजूला गेली की चोर सापडला (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर असं बदलू नका). ब्रेकसाठी थोडं फिरून आल्यावर दोन्ही रिम जवळून हात नेऊन बघा, हात लावायचा नाही, भाजेल, एक बाजू जास्त तापलेली असेल तर अलाइनमेंटवाल्याकडे जायची गरजच नाही. आणि रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेकडे अगदी किंचित सरकणं हा दोष धरू नका.

आता एक प्रकार जो फक्त काम केल्यानंतरच येतो आणि त्याला सगळे उगाच "ओढतेय" म्हणतात. डावीकडे वळून आलात की गाडी डावीकडेच जात राहते, उजवीकडे वळून आलात की उजवीकडे, स्टिअरिंग आपोआप मधे येत नाही. हे अलाइनमेंटने कधीच जात नाही, कितीही वेळा करा. शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडकलंय, नवीन बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोळ्याचा सांधा) फार टाइट आहे, किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश चुकीच्या स्थितीत कसलेत. ह्या बुशवर जरा बोलतो कारण फार ठिकाणी हे होतं. गाडी लिफ्टवर असते, चाकं लोंबत असतात आणि तसंच नट फुल टाइट केले जातात. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, म्हणजे गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडीची उंची थोडी बदलते, स्टिअरिंगला स्प्रिंगसारखा ताण येतो, आणि नवीन बुश वर्षाच्या आत फाटतो, मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणून दुकानदाराला शिव्या. नट शेवटचे टाइट करायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना, हे काम द्यायच्या आधीच सांगून ठेवा.

खडखड किंवा ढिलेपणा असेल तर जॅक लावून चाक हलवून बघतातच सगळे. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हललं तर बहुतेक टाय रॉड, बारा आणि सहाला हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि हलणं थांबलं तर बेअरिंगच. पण मला त्याहून भरवशाचं वाटतं ते म्हणजे गाडी जमिनीवर, एकजण आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी करतोय आणि दुसरा प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवून बघतोय. ढिला जॉइंट बोटाला टक्क लागतो. स्टिअरिंगच्या दांड्याचा जॉइंटही असाच बघा, रॅक (स्टिअरिंगच्या फिरण्याने टाय रॉड डावी-उजवी सरकवणारा भाग) काढताना तो सुटतो आणि त्याचा बोल्ट नीट कसायचा राहतो, आणि हे खरंच जिवावर बेतणारं आहे. रॅक काढलेला असताना स्टिअरिंग मोकळं गरागरा फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू.

टायरची झीज बघताना एक लक्षात ठेवा, टायरवर जे दिसतंय ते रिपेअरच्या आधीचं आहे. तळहात आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला होता. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर किंवा टो, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधेच गेला तर हवा जास्त, आणि खड्डेखड्डे असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. असा खाल्लेला टायर सगळं नीट करूनही आवाज करतो, थरथरतो, कधी ओढतोही, आणि लोक म्हणतात काम नीट झालं नाही. म्हणून काम झालं की त्याच दिवशी प्रत्येक टायरची आतली, मधली, बाहेरची खाचांची खोली मोजून लिहून ठेवा आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत मोजा. एकच कड मधल्यापेक्षा जास्त वेगाने कमी होत असेल तर नवीन सेटिंग चुकलंय, सारखीच कमी होत असेल तर जुनाच टायर कुरकुरतोय, तो खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत गेला की बदला आणि तोपर्यंत आवाज सहन करा.