रिंगा शाबूत होत्या

गाडी ऑइल खाते, घाट उतरताना सोडलेला एक्सलरेटर पुन्हा दाबला की मागून निळा धूर येतो आणि चढाला नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होतं. एवढ्यावरून आधीच्या गॅरेजने ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा’ असं सांगितलं होतं. इंजिन 1.8 लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, बेल्टवर फिरणारा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. हा खर्च मालकाच्या माथी मारण्याआधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती मोजणं) करायला तासाभराच्या वर वेळ लागत नाही, आणि तीच कुणी केली नव्हती. याचा मला अजून राग आहे.

प्रत्येक सिलिंडर टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर, आणून 100 पीएसआय हवा सोडली. गळती कुठेही 10 टक्क्यांच्या वर गेली नाही. रिंगा ठीक होत्या. मग ऑइल बाहेर ढकलणारं प्रेशर क्रँकच्या चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या भागात, आणतंय कोण?

पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच. त्यात ऑइलचे बारीक कण, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं. या इंजिनात त्याला बाहेर पडायला दोन वाटा आहेत. आयडलला आणि कमी लोडला मॅनिफोल्डमधला (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम तो पीसीव्ही या एकाच दिशेने गॅस जाऊ देणाऱ्या वॉल्व्हमधून ओढून घेतो. बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, आला की मॅनिफोल्डमध्येच प्रेशर येतं, तेव्हा हा वॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि वाफ दुसऱ्या नळीने, म्हणजे ब्रीदरने, सुपरचार्जरच्या तोंडाशी, हवा मोजणारा एअर मास सेन्सर ओलांडल्यानंतरच्या भागात जायला हवी. साध्या इंजिनात पीसीव्ही थोडा गळला तरी निभावतं. सुपरचार्जरवर निभावत नाही.

डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडून पाण्याचा यू-मॅनोमीटर (चेंबरमधलं प्रेशर दाखवणारी यू आकाराची नळी) केला आणि केबिनमध्ये चिकटवला. इंजिनाकडची बाजू आधी उंच वळवून घ्यावी, नाहीतर व्हॅक्यूममध्ये पाणी चेंबरमध्ये ओढलं जातं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वाचायचं. आयडलला हलका व्हॅक्यूम, तक्रार काही नाही. फुल थ्रॉटलला मात्र पाणी 250 मिलिमीटरच्या पुढे सरकलं. मॅनिफोल्डकडची नळी काढून दोन्ही तोंडं बुच मारून बंद केली आणि त्याच चढावर पुन्हा पाहिलं, तर 30 मिलिमीटर. ही सुपरचार्जरचीच हवा होती, मागच्या दाराने चेंबरमध्ये घुसणारी.

त्या मॅनिफोल्डकडच्या नळीवर कुणीतरी निळ्या रंगाचा चकचकीत कॅच कॅन (गॅसमधलं ऑइल अडवणारा डबा) बसवला होता आणि तो बसवताना ‘चोक होतो’ म्हणून पीसीव्ही वॉल्व्ह काढून टाकला होता. त्यामुळे बूस्टला हवा उलटी चेंबरमध्ये, तिथून ऑइलसकट ब्रीदरने सुपरचार्जरच्या तोंडात. एक्सलरेटर सोडल्यावर जोरदार व्हॅक्यूम तेच ऑइल मॅनिफोल्डमध्ये खेचायचा, तोच घाटातला धूर. ऑइलचे कण मिश्रणाचा ऑक्टेन खाली आणतात आणि दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला आतून थर देतात, म्हणून नॉकिंग.

कॅन उघडला तर आत काही नव्हतं, नुसता डबा! बाजारात असे डबे सर्रास खपतात आणि लोक बॉनेटखालच्या रंगाला पैसे मोजतात. आत आडवे पत्रे आणि भक्कम स्टेनलेस जाळी हवी, म्हणजे गॅसला वळणं घ्यावी लागतात आणि कण आदळून खाली पडतात. भांडी घासायची तारेची घासणी कोंबू नका. तिचे तुकडे सुटतात आणि थेट सुपरचार्जरच्या फिरत्या रोटरमध्ये जातात.

आम्ही नवा पीसीव्ही वॉल्व्ह बसवला. बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघितला: इंजिनाकडून हवा जाते, उलट जात नाही. मग हातपंपाने उलट्या बाजूने 0.7 बार देऊन धरून ठेवला. जाळीचा 750 मिलिलिटरचा कॅन फुल-लोडच्या नळीवर घातला, कारण बूस्टला वाफ तिथूनच जाते. नळी आतून 19 मिलिमीटर, ऑइल सोसणाऱ्या रबराची. साधी सिलिकॉन नळी ऑइल पाझरते. बारीक नळी घातली तर प्रेशर पुन्हा चेंबरमध्येच साचतं. इंजिनापासून कॅनपर्यंत नळी सतत चढती, मध्ये झोळ नाही. कॅन एक्झॉस्टपासून लांब, वाऱ्यावर, कारण थंड भांड्यातच वाफ धरते. ब्रीदर उघडा सोडायचा सल्ला मी कुणाला देत नाही. भारत स्टेज नियमांत पेट्रोल इंजिनाच्या चेंबरचा गॅस हवेत सोडायला परवानगी नाही, शिवाय वास केबिनमध्ये येतो.

सुपरचार्जरच्या गिअरचं स्वतःचं वेगळं ऑइल असतं, त्यामुळे त्याचं सील गळतंय का हेही पाहिलं. ओल ब्रीदरच्या तोंडापासून सुरू होती, शाफ्टपाशी कोरडं होतं. रोटरला कोटिंग असतं, म्हणून ते फक्त मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसले. इंटरकूलर उतरवून सॉल्व्हंटने धुतला आणि पूर्ण सुकवला. आत साचलेलं ऑइल पहिल्याच बूस्टला सिलिंडरमध्ये गेलं तर नॉकिंगने पिस्टनची लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली कड, तुटू शकते.

आता फुल थ्रॉटलला पाणी जवळजवळ शून्यावर असतं. कॅन दर 1,000 किलोमीटरला रिकामा करायला सांगितलंय. पावसाळ्यात त्यात दुधाळ, पेट्रोलच्या वासाचं पाणी येईल, ते पुन्हा इंजिनात ओतायचं नाही.

मला सुटत नाही तो प्रश्न मागच्या क्रँक सीलचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइल अडवणाऱ्या सीलचा आहे. इतके महिने प्रेशर सोसलेल्या त्या सीलची लिप किती बिघडली, हे बाहेरून कळत नाही आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते बदलता येत नाही. बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाखाली) एक ओला ठिपका आहे. तो पुसून कोरडा केला आहे. पुढच्या ऑइल चेंजला तिथे पुन्हा ओल दिसली तर सील बदलायचं, नाहीतर गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, असं मालकाशी ठरलंय.